पोस्टाने आलेलं ग्राहकाचं मन

पासष्ट सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी लोणारात साखर मिळत नव्हती, रॉकेल मिळत नव्हतं, धड सुतळीसुद्धा मिळत नव्हती. मानसशास्त्र मात्र घरपोच मिळत होतं. हायस्कुलातले हेडक्लार्क भगवंतराव यांनी ते मुंबईहून बारा धड्यांत मागवलं होतं, आणि बारावा धडा हाती पडला त्या दिवसापासून गावात आपल्याखेरीज कुणालाही माणूस कळत नाही, हे त्यांना अगदी स्वच्छ दिसू लागलं होतं.

संस्थेचं नाव 'आधुनिक विक्रयशास्त्र विद्यामंदिर'. एका साप्ताहिकात तिची जाहिरात आली होती. पहिला धडा मोफत. तो मागवला, वाचला, आणि मग उरलेले अकरा न मागवणं हे भगवंतरावांना सभ्य माणसाला न शोभणारं वाटू लागलं. शिवाय जागा थोड्याच शिल्लक होत्या, हजारो सुशिक्षितांनी नावं नोंदवली होती आणि मूळ फी लाल शाईने खोडून खाली बरीच कमी फी छापली होती. अशी संधी सोडणारा माणूस मूर्खच म्हणायचा, आणि भगवंतराव काही मूर्ख नव्हते. निदान हेडक्लार्क तरी होते.

शेवटच्या धड्याबरोबर प्रमाणपत्र आलं. त्याला मेहकरहून चौकट करून आणली आणि ती ओसरीत देवाच्या तसबिरीपेक्षा चार बोटं वर लागली. त्याच दिवसापासून भगवंतरावांची भाषाही बदलली. जन्म वऱ्हाडात, शिक्षण वऱ्हाडात, सासरवाड वऱ्हाडात, पण आता ते 'मले भूक लागली' असं म्हणेनात. 'मला आता भोजनाची आवश्यकता भासत आहे,' असं म्हणत, आणि सत्यभामाबाई भाकर थापता थापता मागे वळून कोण पाहुणा आला ते बघत.

विद्या अंगात आली की ती कुणावर तरी चालवून पाहावी लागते. मांत्रिकाचंही तसंच असतं. भगवंतरावांना विकायला काहीतरी हवं होतं, आणि माजघरात पापडांचे दोन भरलेले डबे त्यांच्या नजरेस पडले.

आता या पापडांविषयी थोडं सांगायला पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यातून झाला. भगवंतरावांचं घर झऱ्याच्या धारेकडे जाणाऱ्या गल्लीत. गल्लीत त्यांचं घर सोडून आणखी सात घरं. माघ सरता सरता या आठ घरांचे पापड पाळीपाळीने होत. ज्या घरचे पापड त्या घरच्या बाईने उडदाचं पीठ खार घालून भिजवून, कुटून ठेवायचं. बाकीच्या साती जणींनी आपापलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून यायचं, लाट्या खात, गावच्या सुना-सासवांचा समाचार घेत दुपार कलायच्या आत डबे भरून द्यायचे. उद्या दुसऱ्या घरी. यात कुणी कुणाचं किती लाटलं हे मोजायची पद्धत नव्हती, आणि मोजलं असतं तर त्या बाईला पुन्हा कुणी पोळपाटाला पोळपाट लावून बसू दिलं नसतं. त्यातही सत्यभामाबाईंच्या पिठाचा हात असा, की त्यांच्या पाळीला बाया बोलावण्याआधी येत.

या वर्षी तर चांगुणाचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. स्थळ पिंपळगाव राजाचं, मंडळी तालेवार. लग्नाचे पापड वेगळे, ते पाडवा झाल्यावर गल्लीने मिळून करायचे, हेही ठरून गेलं होतं. घरच्यासाठी केलेले हे दोन डबे वर्षभराचे होते. भगवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना त्यात माल दिसला.

पहिल्या धड्यात सांगितलं होतं की ग्राहकास प्रथम काहीतरी मोफत द्यावे. 'फुकट' हा मनुष्यजातीचा सर्वांत आवडता शब्द होय, असं त्यात वाक्यच होतं आणि भगवंतरावांनी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. एके सकाळी त्यांनी सात थाळ्या मांडल्या आणि प्रत्येकीत अकरा-अकरा पापड घातले.

"हे काय करून राह्यले तुमी?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"नमुने पाठवीत आहे. मोफत वस्तू स्वीकारताच ग्राहकाच्या अंतर्मनात परतफेडीचे बंधन उत्पन्न होते."

"म्हंजे वानोळा."

"वानोळा नव्हे. नमुना."

"थाळीत घालून, वरून फडकं झाकून शेजारी नेऊन देल्लं, त् त्याले वानोळाच म्हंते," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालं होतं. भगवंतरावांनी दयेने हसून विषय संपवला.

थाळ्या गेल्या. अंतर्मनात बंधन उत्पन्न झालं, ते तर फारच झपाट्याने झालं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत साती थाळ्या परत आल्या, आणि एकही रिकामी आली नाही. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे त्या गल्लीत रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. समोरच्या गोजरबाईंकडून कोवळी वांगी आली. कुणाकडून गुळाचा खडा, कुणाकडून मुगवड्या, कुणाकडून हरभऱ्याचे घाटे. उकंडरावांच्या घरून तर पापडच आले, आणि तेही यांच्यापेक्षा अंमळ मोठे. विकत घ्यायला मात्र कुणी फिरकलं नाही.

चार दिवस वाट पाहून भगवंतराव उकंडरावांकडे गेले. उकंडरावांनी तहसिलीत तीस वर्षं पट्टेवाला म्हणून काढली होती. त्यामुळे कायदा, औषधपाणी आणि सोयरीक या तिन्ही विषयांत सल्ला देण्याचा त्यांना अधिकार होता आणि तो ते कुणी न विचारताही बजावत.

"उकंडराव, पापड स्वीकारल्यावर तुमच्या मनावर काही दडपण आले काय?"

"आलं ना. म्हून त् भांडं भरून पाठोलं. फिटलं."

"पण मग खरेदीची इच्छा?"

"आपसात कोनी इकत घेते का, भाऊ?" उकंडराव म्हणाले. "तुमी वानोळा देता अन् आमी पैसे हातावर ठेवावं, मंग गल्लीत राह्याचं कसं?"

भगवंतरावांनी निष्कर्ष काढला की गल्ली अडाणी आहे. शास्त्र चुकलेलं असण्याचा संभव त्यांना दिसला नाही. तो शास्त्र शिकलेल्यांना सहसा दिसत नाही.

म्हणून माल गल्लीबाहेर न्यायचं ठरलं. एस.टी. स्टँडाजवळ कडूबाचं किराण्याचं दुकान होतं. त्याच्या दारावर पापडांच्या पुड्या दोरीने टांगल्या गेल्या. प्रत्येक पुडीवर शिक्का: 'सत्यभामा पापड'. ज्या माणसाने लग्नात चारचौघांनी आग्रह करूनही बायकोचं नाव घेतलं नव्हतं, त्याने ते स्टँडावर टांगलं, आणि येणारे-जाणारे ते मोठ्याने वाचू लागले. सत्यभामाबाईंनी स्टँडाच्या बाजूने बाजारात जाणंच सोडून दिलं.

पुडीवर किंमत धड्याप्रमाणे दोनदा लिहिली होती. आधी दीड रुपया, तो लाल शाईने खोडलेला, आणि खाली 'फक्त ९५ पैसे'. धड्यात म्हटलं होतं की खोडलेली किंमत पाहून ग्राहकास लाभ झाल्याचा भास होतो, आणि पूर्ण रुपयापेक्षा पंच्याण्णव पैसे फारच कमी वाटतात. भगवंतराव शाळा सुटल्यावर कडूबाच्या दुकानातल्या खांबाआड उभे राहून ग्राहकाचं मन पाहू लागले. हिवरा आश्रमाकडचा एक म्हातारा गाडीची वाट पाहत होता, तो पुडीपाशी आला.

"हा दीड रुपया कोनी खोडला?"

"साहेबांनी," कडूबा म्हणाला.

"काऊन? पापडाले कीड लागली का?"

"नाही हो, भाव कमी केला."

"कीड नाही त् भाव काऊन कमी करते?" म्हाताऱ्याने पुडी नाकाशी नेली. "बरं, पंच्याण्णव म्हंजे पंधरा आणे अन् वरून एक पैसा. हा एक पैसा कायचा? बारा आण्याले दे."

इथे भगवंतराव खांबाआडून बाहेर आले. "आजोबा, किंमत निश्चित आहे. घासाघीस नाही."

म्हाताऱ्याने त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. "घासाघीस नाही, त् मंग गिऱ्हाइकाशी बोलता काय?" असं म्हणून पुडी खाली ठेवून तो गाडीत जाऊन बसला.

खरं म्हणजे म्हाताऱ्याला पापड हवे होते. त्याने पुडी दोन्ही हातांनी धरली होती. पण वऱ्हाडात भाव पाडणं ही काही नुसती पैशाची गोष्ट नाही. दोन शब्द तुम्ही बोला, दोन आम्ही बोलतो, पीकपाण्याची चौकशी होते, पाहुण्यारावळ्यांची ओळख निघते, मग शेवटी दोघेही हरल्याचं तोंड करून खुशीत घरी जातात. एवढं सगळं काढून टाकलं की उरतो तो नुसता पापड, आणि पापड काय, घरोघरी असतात. पण हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

पंधरा दिवसांत तीन पुड्या गेल्या. त्यातली एक कडूबाच्या शेळीने खाल्ली. दुसऱ्या कुणी एवढ्यावर हात टेकले असते. भगवंतरावांकडे मात्र अजून सातवा आणि नववा धडा शिल्लक होता. सातवा असा, की वस्तू संपत आली असे कळताच ती हवीशी वाटते. नववा असा, की जिथे गर्दी तिथे ग्राहक. भगवंतरावांनी दोन्ही एकदमच लावायचे ठरवलं आणि मुहूर्तही धरला तो होळीच्या आदल्या दिवसाचा.

सकाळी कडूबाच्या दुकानावर पाटी लागली: 'थोडाच माल शिल्लक. त्वरा करा.' पाटीखाली उकंडराव आणि त्यांचे चार रिकामटेकडे स्नेही चहाच्या बोलीवर एकामागे एक उभे राहिले. भगवंतराव रजा टाकून खांबाआड सज्ज झाले.

त्या वर्षी रांग दिसली की माणूस आधी रांगेत उभा राही आणि मग काय मिळतंय ते विचारी. उद्या होळी, पुरण घालायचं, घरात साखरेचा कण नाही, आणि कडूबाच्या दुकानासमोर पाच माणसं निमूट उभी. एवढं पुरे झालं. पावणेदहाची गाडी आली ती जवळजवळ सगळीच रांगेत रिकामी झाली. अर्ध्या तासात रांग स्टँडाला वळसा घालून गेली. बायांच्या हातात पिशव्या आणि रेशनकार्डं. ज्यांना घरून पिशवी आणायची होती त्यांनी आपल्या जागी वीट ठेवली, चप्पल ठेवली, एकाने तर सासऱ्याला ठेवलं. भगवंतरावांचा ऊर भरून आला. नववा धडा लिहिणाऱ्याचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं.

रांगेच्या तोंडाशी उकंडरावांनी ठरल्याप्रमाणे पुडी घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "वा, काय पापड हाय."

"पापड?" मागची बाई म्हणाली. "अन् साखर?"

"साखर नाही बाई, पापडच हाय," कडूबा म्हणाला. तो घामाने भिजला होता.

"पापडाले एवढी लाइन कोन लावते बे?" कुणीतरी मागून विचारलं, आणि हा प्रश्न फार रास्त होता. मग एकाने पाटी वाचून दाखवली. थोडाच माल शिल्लक. म्हणजे बाकीचा माल होता. मग तो गेला कुठे? बाकीचा माल मागच्या खोलीत आहे, साखर पापडाखाली दडवली आहे, असं रांगेच्या शेपटापर्यंत जाता जाता नक्की झालं. लोकांनी कडूबाचं मागचं दार उघडायला लावलं, पोती उलथी केली, आणि साखर सापडली नाही म्हणून तर संशय आणखीच वाढला. दुपारी कडूबाने उरलेल्या सगळ्या पुड्या आणि ती पाटी भगवंतरावांच्या ओसरीवर आणून आदळली.

"साहेब, दुकान माहं बापाच्या वख्तापासून हाय," तो म्हणाला. "आज पयल्यांदा लोकांनी माहं घर झडती घेतल्यावानी पाह्यलं. तुमचं शास्त्र तुमीच ठेवा."

"परंतु रांग लागली, हे तर तुम्ही नाकारू शकत नाही," भगवंतराव म्हणाले. कडूबा तोवर अंगणाबाहेर गेला होता.

होळीला सत्यभामाबाईंनी नेहमीसारख्या पोळ्या केल्या. गुळाच्या केल्या, पण केल्या. साती घरच्या साती थाळ्या भरून गेल्या. स्टँडावर जे झालं त्यावर गल्लीत हसू झालं होतं, पण ते भगवंतरावांच्या नावाने, आणि त्याची गल्लीला सवय होती. सत्यभामाबाईंशी कुणाचा काही वाकडेपणा नव्हता.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तालुक्याहून पुरवठ्याचा साहेब उतरला. त्याच्याकडे निनावी तक्रार होती: लोणार येथे अमुक गृहस्थांनी मालाचा साठा करून थोडाच शिल्लक दाखविला. साहेब तरुण होता, नियमाचा पक्का होता आणि पापडाचा गुन्हा त्याच्याकडे पहिल्यांदाच आला होता. ओसरीत खुर्ची मांडली, प्रमाणपत्राच्या चौकटीखालीच. साती घरच्या बाया दाराशी जमल्या. पंचनाम्याला साक्षीदार लागतातच, तेव्हा साहेबांनी त्यांनाच आत बोलावलं.

"उडीद डाळ किती घेतली होती?"

"तिचे पापड झाले," भगवंतराव म्हणाले.

"म्हणजे साठ्याचे रूपांतर केले." साहेबांनी लिहिलं. मग ते अडले. नमुन्यात रकाना क्विंटलचा होता आणि पापड नगाने मोजतात. उकंडरावांनी सल्ला दिला की एक पापड जोखून नगांनी गुणा. कडूबाकडून तराजू मागवला तर त्याने दिला नाही. शेवटी रकान्यात नुसती खूण करून साहेबांनी 'दोन डबे व काही पुड्या' असं खाली टीप म्हणून लिहिलं. डब्यांना लाखेचं सील लागलं.

"आता उत्पादन-खर्च. मजूर किती, मजुरी किती?"

उकंडराव भगवंतरावांच्या कानाशी लागले. "नफा दिसू देऊ नका बरं. नफा दिसला का फसले."

भगवंतरावांना हा सल्ला पटला. आपण नफेखोर नाही हे दाखवण्याची ही उत्तम संधी होती. त्यांनी छाती पुढे काढली आणि ओसरीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मजुरी काहीच नाही. गल्लीतल्या या बायका फुकट लाटून देतात."

मनुष्यजातीचा सर्वांत आवडता शब्द ओसरीत पडला आणि तिथेच राहिला. सत्यभामाबाईंनी डोळे मिटून घेतले. उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण पंचनाम्यात लिहून घेतलं जाईल अशा वेळी तरी ती थोडं थांबतात.

साहेबांनी लिहिलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं: "मजूर, स्त्रिया सात. मजुरी निरंक. साक्षीदारांनी अंगठे करावेत."

"मजूर कोन?" गोजरबाईंनी विचारलं.

"तुम्ही. लाटणाऱ्या."

गोजरबाईंनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं, मग दोरीने बांधलेल्या पुड्यांकडे. आपण लाट्या खात, हसत लाटलेले पापड स्टँडावर टांगले गेले होते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण त्यात आपण कोण, ते आत्ता कळलं. "मले सही येते," गोजरबाई म्हणाल्या. त्यांनी टाक घेतला, आपलं पूर्ण नाव सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं आणि पदर सावरून निघून गेल्या. बाकीच्या सहा जणी अंगठ्याची शाई भिंतीला पुसून त्यांच्यामागे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर होळीच्या पोळ्या घेऊन गेलेल्या सात थाळ्या होत्या. राखेने घासलेल्या, लखलखीत, एकावर एक रचलेल्या. सगळ्या रिकाम्या.

सत्यभामाबाई त्या थाळ्यांपाशी बसल्या आणि रडल्या. बावीस वर्षं त्या या गल्लीत होत्या. सासू गेली तेव्हा तेरा दिवस यांच्या घरी चूल पेटू दिली नव्हती ती या सात घरांनी. चांगुणाच्या वेळी बाळंतिणीची खोली गोजरबाईंनी सांभाळली होती. बावीस वर्षांत त्यांच्या घरचं भांडं कधी रिकामं परत आलं नव्हतं, चिमूटभर साखर, नाहीतर पानं दोन तरी असत. भगवंतराव थाळ्यांकडे पाहून म्हणाले की भांडी स्वच्छ करून दिली, ही चांगलीच गोष्ट आहे. सत्यभामाबाई थाळ्या उचलून आत गेल्या. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलतच नव्हत्या.

पाडवा झाला. लग्नाच्या पापडांसाठी बुधवार धरला होता. सत्यभामाबाई घरोघरी सांगून आल्या. एकीचं मनगट दुखत होतं. एकीचं पोळपाट तडकलं होतं. एकीला त्याच दिवशी मेहकरला जायचं होतं, आणि मेहकरला तिचं कुणी नव्हतं. गोजरबाईंनी तर कारणसुद्धा दिलं नाही. "पाहू," एवढंच म्हणाल्या.

"त्यात काय अवघड आहे?" भगवंतराव म्हणाले. "रोजंदारीने बायका लावू."

तेव्हा सत्यभामाबाई बोलल्या. "लग्नाचे पापड रोजानं? पोरगी सासरी गेली का पयली गोष्ट इचारतीन, कोनं लाटले. काय सांगू तिनं? का आमच्या गल्लीतली एक बाई आमच्या उंबऱ्यात आली नाही?" आणि मग, "मले पापडाचं नाही. पोरीच्या लग्नात माहं घर सुनं राह्यते."

 भगवंतरावांनी यावर अकरावा धडा चाळून पाहिला, तो दुकानाच्या रंगाविषयी होता.

मंगळवारच्या डाकेने दोन पाकिटं आली. एक तालुक्याहून, 'पापड हा जिन्नस अनुसूचीत आढळून येत नसल्याने सील काढण्यास हरकत नाही.' दुसरं विद्यामंदिराचं. भगवंतरावांना बऱ्याच दिवसांनी उमेद आली. घरातलं तोंड जरा उजळेल म्हणून त्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं. सत्यभामाबाई उडदाचं पीठ चाळत होत्या.

"'उच्च अभ्यासक्रम. आपल्यासारख्या निवडक विद्यार्थ्यांसाठीच. पहिला धडा मोफत.' ऐकतेस ना? 'थोड्याच जागा शिल्लक. हजारोंनी नावे नोंदविली.' फीसुद्धा खोडून कमी केली आहे, बघ."

चाळणी थांबली. "पयला फुकट?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"मोफत."

"अन् थोडेच उरले. अन् गर्दी लय. अन् भाव खोडेल." त्यांनी चाळणी पुन्हा हलवायला घेतली. "म्हंजे तुमी कडूबाच्या दुकानात जे लावलं, ते तुमच्यावरच लावून राह्यले ते. अन् तुमच्यावर लागू पडलं."

भगवंतरावांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग वर ओसरीतल्या चौकटीकडे पाहिलं. बारा धडे, तिकिटाचे पैसे, मेहकरहून आणलेली चौकट. आपण आपलं मन ओळखणाऱ्याला पोस्टाने फी पाठवत होतो, हे त्यांच्या ध्यानात यायला शाळेची पहिली घंटा व्हावी लागली. त्या दिवशी ते शाळेत उशिरा गेले आणि कुणाला काहीही समजावून सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी पीठ कुटून तयार होतं. ओसरी सारवली होती, चटया टाकल्या होत्या. हळदकुंकवाचं ताट मांडून चांगुणा दाराशी बसली होती. ऊन अंगणात उतरलं. गल्लीत सात दारं उघडी होती आणि कुणी येत नव्हतं. चांगुणाने आईकडे पाहिलं आणि मग ताटातलं कुंकू उगीचच बोटाने सारखं करू लागली. ते पाहवेना म्हणून भगवंतराव उठले, तेवढ्यात सत्यभामाबाईंनी त्यांच्यासमोर सात थाळ्या ठेवल्या. सील काढलेल्या डब्यातले पापड त्यांत रचले होते, वर फडकी.

"नेऊन द्या."

"मी?" भगवंतराव म्हणाले. हेडक्लार्कने, दिवसाढवळ्या, बायकांसारख्या थाळ्या घेऊन घरोघरी? चांगुणाला पाठवता येईल असं ते सुचवणार होते.

"फुकट म्या नाही म्हटलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पोरीनंही नाही म्हटलं."

पहिलं घर गोजरबाईंचं. भगवंतराव दाराशी उभे राहिले. वाटेत त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं, त्यात 'गैरसमज' आणि 'सद्भावना' हे दोन्ही शब्द होते. गोजरबाई बाहेर आल्या. थाळीवरचं फडकं उचलून पाहिलं.

"हा नमुना हाय का, भाऊजी?"

"नाही. वानोळा."

"आता कोन्ता धडा सुरू हाय?"

"धडे सरले," भगवंतराव म्हणाले. जुळवलेलं वाक्य कुठे गेलं ते त्यांना कळलं नाही. "माहं चुकलं, वहिनी. लय चुकलं. त्या मायलेकीवर राग काढू नका. पोरगी ताट घेऊन बसली हाय."

गोजरबाई थाळी घेऊन आत गेल्या. भगवंतराव उभे. आत पितळेचा आवाज झाला, मग काहीच नाही. थाळी रिकामी आली तर काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा एका बाईच्या दाराशी उभं राहून ते दुसऱ्याच्या मनात काय आहे ते खरोखर ओळखायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना काहीही ओळखता येत नव्हतं.

गोजरबाई आल्या. थाळीत लग्नासाठी म्हणून हळकुंडं आणि खोबऱ्याची वाटी होती. थाळी त्यांनी स्वतःच धरली आणि पोळपाट-लाटणं भगवंतरावांच्या हातात ठेवलं.

"धरा. चांगुणा आमची बी हाय, म्हून येऊन राह्यली. तुमच्यासाठी नाही. पन मजुराचं सामान मालकानं उचला लागते."

दुसऱ्या घरी गोजरबाईच पुढे झाल्या. मनगट दुखणारी बाई निमूट निघाली, तिचंही पोळपाट भगवंतरावांच्या हातावर चढलं. तडकलेलं पोळपाट कुठे तडकलं होतं ते दिसलं नाही. मेहकरची गाडी चुकली. उकंडरावांनी आपल्या घरचं पोळपाट स्वतः आणून वर ठेवलं आणि मोठ्या पोळपाटावर लहान ठेवावं असा सल्ला दिला. सातव्या घरापाशी हातांवरची चवड हनुवटीला लागली होती, दोन्ही काखांत लाटणी होती आणि टोपी डोळ्यांवर आली होती. मागून सात बाया थाळ्या घेऊन एका ओळीत चालल्या होत्या. इतकी सरळ ओळ भगवंतरावांना चहा पाजूनही मिळाली नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी धारेवरून परतणारा एक म्हातारा थांबला. हिवरा आश्रमाकडचाच, पापडाची पुडी खाली ठेवून गेलेला. त्याने टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं.

"पोळपाटं कशी देली, साहेब? खोडेल भाव सांगू नका बरं. खरा सांगा."

"इकाचे नाहीत, बाप्पा," भगवंतराव म्हणाले.

म्हातारा त्यावरही दोन शब्द बोलायला तयार होता. पण मागून गोजरबाई म्हणाल्या, "चाला मालक, पीठ सुकून राह्यलं," आणि भगवंतराव चवड सांभाळत घराकडे निघाले. दाराशी चांगुणा उठून उभी राहिली होती.